दारू सुटल्यानंतरचं वर्ष



25 मार्च 2020 ला देश बंद झाला, त्यात दारूची दुकानंही बंद झाली. तीन-चार दिवसांत इस्पितळांच्या दारात वेगळेच रुग्ण दिसू लागले. कुणाचे हातपाय लटपटतायत, कुणाचं अंग घामानं निथळतंय, कुणाला भिंतीवर किडे चालताना दिसतायत, कुणाला फिट आलेली. केरळातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं 30 मार्चला एक अजब आदेश काढला: डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर अशा माणसाला दारू मिळेल. डॉक्टरांच्या संघटनांनी चिठ्ठ्या लिहायला साफ नकार दिला आणि 2 एप्रिलला तिथल्या उच्च न्यायालयानं आदेशाला स्थगिती दिली. पुढे 4 मेला ठिकठिकाणची दुकानं उघडली. मुंबई-पुण्यातल्या त्या लांबच लांब रांगांवर महाराष्ट्र पोटभर हसला.

हसण्याच्या भरात एक प्रश्न राहून गेला. ज्यांना मधल्या काळात दारू मिळालीच नाही, त्यांची दारू सुटून तोवर चाळीस दिवस झाले होते. अंगातली थरथर, भास, फिट्स हे सगळं पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच आटोपतं. मग चाळीस दिवस कोरडं राहिलेला माणूस भर उन्हात कशासाठी उभा राहिला? काही जण चैनीसाठी आले असतील, काही सवयीनं. पण त्यात असेही असणार, ज्यांना चाळीस रात्री धड झोप लागली नव्हती, ज्यांच्या छातीत दिवसभर विनाकारण धडधडत होतं, आणि हे थांबवायचा एकच उपाय त्यांना ठाऊक होता.

आजचं व्याख्यान या लोकांविषयी आहे. दारू कशी लागते यावर पुष्कळ बोललं गेलंय, कशी सोडवावी यावरही. सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष मात्र कुणाच्या हिशेबातच नसतं. उपचार तिथवर पोचत नाहीत, घरच्यांचा धीर तिथवर टिकत नाही, आणि बहुतेक माणसं नेमकी त्याच वर्षात पुन्हा पिऊ लागतात.

शरीरात होतं काय, ते आधी पाहू. मेंदूत शांत करणारी एक यंत्रणा असते, तिचा मुख्य दूत ‘गाबा’ नावाचं रसायन. चेतवणारी दुसरी यंत्रणा ‘ग्लुटामेट’च्या जोरावर चालते. दारू पहिलीला बळ देते, दुसरीला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला उलटा जोर लावायला शिकतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटचे ग्राहक वाढवतो. रस्सीखेचीत समोरच्या गटानं एकदम दोर सोडून दिला की सगळी ताकद लावून ओढणारा गट मागच्या मागे कोसळतो. दारू अचानक बंद केली की तसंच होतं. सहा ते बारा तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो. माणूस भ्रमिष्ट होतो, त्याला ताप चढतो, नाडी बेफाम धावते. वेळीच उपचार झाले नाहीत तर हे जिवावर बेततं. म्हणून जो रोज भरपूर पितो, त्यानं घरच्या घरी एका झटक्यात दारू तोडण्याचं धाडस करू नये. जिद्द कितीही असली, तरी हे काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावं.

हा सगळा प्रताप दारू ‘थांबवण्याचा’ आहे हे वैद्यकशास्त्राला उशिरा पटलं. फिट्स दारूच्या विषानं येतात, की कुपोषणानं, की दारू तुटल्यामुळे, यावर दीर्घकाळ वाद चालला. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना चांगलं खाणं आणि जीवनसत्त्वं देत आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. 1955 साली निष्कर्ष छापून आले. जे 48 ते 87 दिवस प्यायले, त्यांना दारू तुटल्याचा त्रास सर्वात जास्त झाला. कुणाला फिट्स आल्या, कुणाला भ्रम झाला. खाणं उत्तम असूनही! हे दहाही जण पूर्वीचे मॉर्फिनचे व्यसनी होते. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, करूही नये. पण वाद मिटला तो त्यातूनच.

या पहिल्या टप्प्याचे उपचार आज उत्तम आहेत. 1960 मध्ये बाजारात आलेलं क्लोरडायझेपॉक्साइड आणि त्याच्या कुळातली औषधं थोडे दिवस देऊन हळूहळू कमी करतात. जोडीला थायामिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, इंजेक्शननं. ते नाही मिळालं तर स्मृती कायमची जाऊ शकते. आठ-दहा दिवसांत रुग्ण स्वच्छ दाढी करून घरी जायला तयार होतो. गुंता पुढे सुरू होतो.

घरी आनंद असतो. कुणी देवाला नवस फेडतं, कुणी नातेवाइकांना फोन करून सांगतं. तीन-चार आठवडे बरे जातात. मग तो रात्री दोनला टक्क जागा राहू लागतो. पहाटे डोळा लागला तर स्वप्नात पितो आणि दचकून उठतो; क्षणभर त्याला वाटतं, आपण खरंच प्यायलो. दुपारी एकदम घाम फुटतो. बँकेत रांगेत असताना छाती भरून येते. जिलबी-गुलाबजामवर तुटून पडतो, ज्यानं आयुष्यात गोडाला हात लावला नव्हता. पायांना मुंग्या येतात. नावं आठवत नाहीत, चावी कुठे ठेवली आठवत नाही. मुलानं टीव्हीचा आवाज वाढवला तर अंगावर धावून जातो. कशातच मन लागत नाही, क्रिकेटमध्येही नाही. घरातले एकमेकांकडे पाहतात आणि वाक्य येतं: “हा लपून पितोय.” किंवा त्याहून वाईट: “पीत होता तेव्हा बरा होता.”

हे दुसरं वाक्य अनेक बायका रडत रडत, अपराधी होऊन समुपदेशकांना सांगतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हा त्रास बरं होण्याच्या वाटेवरचा आहे.

आपल्या रंगभूमीनं याची एक बाजू फार आधी पाहिली होती. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग 1919 चा. त्यातला नायक सुधाकर रसातळाला जातो हे सर्वांना आठवतं. मध्यंतरी तो दारू सोडून काम मागायला बाहेर पडतो आणि अपमान गिळून परत प्याल्याकडे वळतो, हे फारसं आठवत नाही. गडकऱ्यांनी लोकांचा अविश्वास दाखवला. सुटलेल्या माणसाच्या आत, त्याच्या नसांत काय चाललेलं असतं, ते कळायला आणखी काही दशकं लागणार होती.

त्याची एक विलक्षण नोंद मात्र डॉक्टरांच्या नव्हे, पिणाऱ्यांच्याच इतिहासात सापडते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे रबराच्या कारखान्यांचं गाव. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कहून शेअर बाजाराच्या धंद्यातला बिल विल्सन तिथे एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या झटापटीत उतरला होता. डिसेंबर 1934 पासून तो प्यायला नव्हता. झटापट हरला, सोबतचे निघून गेले, खिशात फार पैसे नाहीत. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो येरझाऱ्या घालत होता. एका टोकाला बार, तिथून हसण्याचे आवाज येत होते. पाच महिने कोरडा राहिलेला माणूस. अंगातली दारू केव्हाच धुऊन निघालेली, तरी एका वाईट दुपारी पाय बारकडे ओढत होते. लॉबीच्या दुसऱ्या टोकाला स्थानिक चर्चची यादी लावलेली होती आणि टेलिफोन होता. त्यानं फोन लावायला सुरुवात केली आणि मागणी अशी केली की मला या गावातला कुणीतरी दारुडा भेटवा. ओळखीतून ओळख निघत तो दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदासमोर बसला. बॉब ‘पंधरा मिनिटं फक्त’ या अटीवर आले होते. बोलणं कित्येक तास चाललं.

काही आठवड्यांत बॉब वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परतल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात तर थरथरत होते. शस्त्रक्रियेच्या सकाळी बिलनं त्यांना बियरची बाटली दिली, हात स्थिर राहावा म्हणून. ती त्यांची शेवटची दारू. 10 जून 1935 हा तो दिवस. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ आपला जन्म याच दिवशी मानते. आज आपल्या गावोगावच्या शाळांच्या वर्गांत, चर्चच्या सभागृहांत संध्याकाळी ज्या ‘एए’च्या मीटिंगा भरतात, त्यांचं मूळ हे. (ज्या रुग्णावर ती शस्त्रक्रिया झाली, त्याला ही हकिगत कुणी सांगितली असेल का, कोण जाणे.)

पण आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते पुढचं. 1939 मध्ये या संघटनेचं पुस्तक निघालं, त्यात डॉ. बॉबनी स्वतःविषयी लिहिलं आहे. पिणं थांबल्यावर पहिली अडीच वर्षं तलफ जवळजवळ सतत त्यांच्या सोबत होती. इतर साथीदारांपेक्षा आपल्याला ती जास्त काळ पुरली, असंही ते नोंदवतात. अडीच वर्षं! आणि हा माणूस त्या काळात दुसऱ्यांना दारू सोडवायला मदत करत होता. बिल विल्सनची कथा आणखी गुंतागुंतीची. तो 1971 मध्ये मरेपर्यंत पुन्हा प्यायला नाही, पण 1944 नंतरची दहा-अकरा वर्षं नैराश्यानं त्याला ग्रासलं होतं. मनोविकारतज्ज्ञाकडे तो जात होता आणि त्याच्या चळवळीतलेच काही जण त्याबद्दल त्याच्यावर नाराज होते. पिणं बंद होणं आणि मन निवणं या दोन गोष्टींत अंतर आहे, हे चळवळीच्या संस्थापकालाच भोगावं लागलं.

या लांबलेल्या त्रासाला टेरेन्स गोर्स्की या समुपदेशकानं आणि त्याच्या सहलेखिकेनं 1980 च्या दशकात ‘पोस्ट अ‍ॅक्यूट विड्रॉल’ हे नाव लोकप्रिय केलं. व्यसनमुक्ती केंद्रांत त्याचं ‘पॉज’ झालं. मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात या नावाचा स्वतंत्र आजार नाही, आणि संशोधकांचं त्यावर एकमत नाही. टीकाकारांचा आक्षेप खोटा नाही: चिडचिड, निद्रानाश, विसराळूपणा यांची यादी इतकी सैल आहे की लग्न मोडलेल्या, कर्ज झालेल्या कुठल्याही माणसाला ती लागू पडेल. पण नाव सैल असलं तरी अनुभव सैल नाही. दारूनं ताण सहन करण्याच्या यंत्रणेत केलेले बदल थरथर थांबल्याबरोबर मावळत नाहीत. ताणाची घंटा वाजवणारं रसायन मेंदूतल्या भीतीच्या केंद्राभोवती चढत्या पातळीवर राहतं, आनंदाचा प्रतिसाद मंद राहतो. छोट्या गोष्टीनं मोठा भडका उडतो तो म्हणून.

झोपेबद्दल पुरावा सर्वात ठोस आहे. दारू सोडलेल्यांची झोप प्रयोगशाळेत मोजली गेली, तेव्हा काहींमध्ये दोन वर्षं उलटल्यावरही ती पुरती सुधारलेली नव्हती. गाढ झोपेचा वाटा कमी, मधली जाग जास्त. सुरुवातीला ज्यांची झोप फार बिघडलेली, ते परत पिऊ लागण्याची शक्यताही जास्त. हे कळलं की पुढचा मोह म्हणजे झोपेची गोळी. इथे मोठा धोका आहे. आपल्याकडे अल्प्राझोलामची पट्टी ओळखीच्या औषधवाल्याकडून सहज मिळते. मेंदूतल्या ज्या कुलपाला दारू लागते, त्याच कुलपाला लागणारी ती दुसरी किल्ली आहे. दारू सुटली आणि गोळी लागली, अशी माणसं व्यसनमुक्ती केंद्रांना नवीन नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड पहिल्या आठवड्यात जीव वाचवतं. तेच सहाव्या महिन्यात स्वतःच्या मनानं चालू असेल तर तो दुसरा आजार.

भीती आणि नैराश्याचं चित्र मात्र बरंच आशादायक आहे. मार्क शुकिट आणि सँड्रा ब्राउन यांनी 1988 मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 191 पुरुषांचा अभ्यास छापला. दाखल होताना त्यातल्या 42 टक्क्यांमध्ये लक्षणीय नैराश्य होतं. चार आठवडे दारूविना गेल्यावर ते फक्त 6 टक्क्यांत उरलं. बहुतेकांचं मन आपोआप वर येतं. म्हणूनच मनोविकारतज्ज्ञ साधारण महिनाभर थांबून, मग ‘हा वेगळा आजार आहे का’ हे ठरवतात. पण त्या उरलेल्या मोजक्या लोकांना ‘अजून थोडं थांब, पॉज आहे’ असं सांगत राहणं हा अन्याय आहे. त्यांना पूर्वीपासून पॅनिकचा किंवा नैराश्याचा विकार असू शकतो. दारू त्यांच्यासाठी स्वतःच काढलेलं, महाग पडलेलं औषध होतं.

शरीराबाबतही हाच न्याय. एखाद्याचे हात सहा महिन्यांनंतरही कापतात. घरचे म्हणतात, दारूचं उरलंय. पण ‘इसेन्शियल ट्रेमर’ हा कंपाचा घराण्यात चालणारा विकार दारूनं तात्पुरता शांत होतो. दारू गेली की तो उघडा पडतो. त्याच्यावर औषधं आहेत. पायांच्या मुंग्यांमागे दारूनं दुखावलेल्या नसा असतील, ब-12 ची कमतरता असेल किंवा नुसता मधुमेह असेल. धडधडीमागे थायरॉइड असू शकतं. एक रक्ततपासणी आणि एक नीट विचारलेला प्रश्न पुरतो, पण तो विचारायला सहाव्या महिन्यात रुग्ण डॉक्टरांसमोर असायला हवा.

महाराष्ट्राच्या पंचांगाशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. गटारी अमावस्येला गळ्यापर्यंत पिऊन श्रावणभर दारूला न शिवणारे पुष्कळ आहेत, आणि ‘श्रावण पाळतो म्हणजे व्यसन नाही’ असा त्यांचा दाखला असतो. हौसेनं पिणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण ज्याला शरीरानं दारूची गरज लागली आहे, त्याच्या बाबतीत 1978 साली बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी मांडलेली एक कल्पना लक्षात घ्यावी. दारू तोडण्याचा प्रत्येक झटका मेंदूला पुढच्या झटक्यासाठी अधिक हळवा करून ठेवतो. पहिल्या वर्षी नुसता घाम, पुढे कधीतरी फिट. अशा माणसानं दर वर्षी श्रावणात सोडून भाद्रपदात पुन्हा धरणं हा संयमाचा सराव ठरत नाही, उलट प्रत्येक खेपेला सोडणं अवघड होत जातं. वारकऱ्याची माळ घातलेल्याचं वेगळं असतं. त्याच्याबरोबर दिंडी असते, रोजचा हरिपाठ असतो, संध्याकाळी पिण्याच्या वेळेचे धोक्याचे तास भरून काढणारी माणसं असतात.

आणि त्या भिंतीवरच्या जाहिराती: ‘न सांगता दारू सोडवा’. त्या पुड्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक; डायसल्फिरामही असू शकतं. कोपनहेगनमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस हाल्ड आणि याकोबसेन या संशोधकांना त्याचा गुण कळला. हे औषध घेतलेला माणूस प्यायला की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. ज्याला हे माहीत आहे आणि जो स्वतः रोज गोळी घेतो, त्याला मदत होते. भाजीत लपवून दिली तर माणूस मरू शकतो. आणि समजा वाचला, तर आधीच भीतीनं पोखरलेल्या त्या घरात विश्वासाचा उरलासुरला धागाही तुटतो. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं आहेत. ती उघडपणे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, महिनोन्‌महिने घ्यायची असतात.

आपल्याकडे दारू सोडल्यानंतरचं हे पहिलं वर्ष सांभाळण्याचा प्रयत्नच झाला नाही असं नव्हे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं. उपचार 35 दिवसांचे, पण केंद्राबाहेर गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट. पत्नींचा गट ही कल्पना वरवर पाहता पुरवणी वाटते. प्रत्यक्षात ‘हा लपून पितोय’ आणि ‘याचं अंग अजून सावरतंय’ यांतला फरक घरात ज्या बाईला करावा लागतो, तिला तो शिकवणाऱ्या जागा मोजक्याच.

मात्र अशा जागा किती कमी आहेत, ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीवरून दिसतं. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या केंद्रानं केलेल्या त्या पाहणीनुसार देशात साधारण 16 कोटी लोक दारू पितात, सुमारे 5.7 कोटींना मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. त्या एकालाही मिळतो तो बहुधा पहिल्या दहा दिवसांचा.

मनोविकारतज्ज्ञ वाढवून हे भागणार नाही. तेवढे तज्ज्ञ नाहीत आणि लवकर होणारही नाहीत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं वेगळी वाट चाचपली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी तिथलेच, थोडं प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक बोलले. फार तर चार बैठका. 377 पुरुषांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. ही माणसं अजून पुरती अडकलेली नव्हती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे पूर्ण व्यसनी माणसाला लावता येणार नाहीत. पण आरोग्य केंद्रातल्या त्याच खुर्चीवर, त्याच समुपदेशकापुढे दारू सोडून तीन महिने झालेला माणूस बसवणं काही अशक्य नाही. झोप किती लागते, संध्याकाळी सहा ते आठ कुठे असतोस, गोळ्या कुठल्या घेतोस, शेवटचं जेवण कधी केलंस, घरी कोण काय म्हणतं, रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासलंस का. या प्रश्नांना वीस मिनिटं लागतात. सध्या ते विचारण्याची नेमणूक कुणाचीच नाही.